माणदेशातील दुष्काळ आणि पिढीजात आघात

पिढीजात आघात म्हणजे एका पिढीने भोगलेल्या तीव्र संकटाचा परिणाम, ते संकट स्वतः न अनुभवलेल्या पुढील पिढ्यांच्या शरीरावर, मनावर व वागणुकीवर दिसून येणे होय. त्याला आंतरपिढीय आघात असेही म्हणतात. युद्ध, वंशसंहार, गुलामगिरी, विस्थापन आणि दुष्काळ ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. महाराष्ट्रात सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पूर्व भागातील माणदेश व त्याला लागून असलेले तालुके हा वारंवार पडणाऱ्या दुष्काळाचा प्रदेश आहे. उपासमार, स्थलांतर आणि पावसाची अनिश्चितता यांचा अनुभव तेथील कुटुंबांत पिढ्यानुपिढ्या चालत आला आहे. गर्भावस्थेतील उपासमारीचा परिणाम पुढील पिढीच्या शरीरावर होतो, याचे पुरावे नेदरलँड्स, चीन आणि पुणे परिसरातील अभ्यासांतून मिळाले आहेत. हा वारसा अटळ नसतो. माता व बालकांचा आहार, मानसिक आरोग्यसेवा आणि पाण्याची शाश्वती या तिन्ही पातळ्यांवर तो सौम्य करता येतो.

## संज्ञा आणि व्याप्ती

‘आघात’ ही संज्ञा मानसशास्त्रात अशा अनुभवासाठी वापरली जाते, ज्यामुळे व्यक्तीची सामना करण्याची क्षमता कोलमडते आणि ज्याचे पडसाद प्रसंग संपल्यावरही शरीरात व मनात राहतात. असे पडसाद पुढील पिढीतही उमटू शकतात, याकडे वैद्यकीय जगाचे लक्ष दुसऱ्या महायुद्धानंतर वेधले गेले. १९६६ मध्ये कॅनडातील मनोविकारतज्ज्ञ व्हिव्हियन रॅकॉफ यांनी नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या ज्यू कुटुंबांतील मुलांविषयी निरीक्षणे प्रसिद्ध केली. छावणी न पाहिलेल्या या मुलांत गंभीर मानसिक त्रास आढळत होता. त्यानंतर ही संकल्पना मूळनिवासी समाज, गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांचे वंशज, निर्वासित आणि दुष्काळग्रस्त लोकसमूह यांच्या अभ्यासात वापरली जाऊ लागली.

अभ्यासक या संदर्भात दोन गोष्टींत फरक करतात. गर्भवती स्त्री उपाशी असते, तेव्हा तिच्या पोटातील गर्भही त्या उपासमारीला प्रत्यक्ष सामोरा जात असतो. गर्भ मुलीचा असेल, तर तिच्या शरीरातील बीजांडे जन्मापूर्वीच तयार झालेली असतात. म्हणजे आजी, आई आणि नातवंड या तिन्ही पिढ्यांचा अंश एकाच वेळी त्या दुष्काळातून जातो. अशा परिणामाला आंतरपिढीय म्हटले जाते. ज्या पिढीचा कोणताही अंश त्या संकटात उपस्थित नव्हता, तिच्यातही परिणाम आढळला तरच त्याला काटेकोर अर्थाने पारपिढीय वारसा म्हणतात. मातृवंशात अशी पिढी पणतवंडांची असते. माणसांच्या बाबतीत पहिल्या प्रकारचे पुरावे दुसऱ्या प्रकारापेक्षा बरेच भक्कम आहेत.

## प्रदेश

माणगंगा नदीच्या खोऱ्यातील प्रदेशाला माणदेश म्हणतात. ही नदी सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील डोंगरांत उगम पावते आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी व सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुक्यांतून वाहत जाऊन भीमेला मिळते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे येथे पाऊस अत्यंत कमी पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर येथे वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असताना, माण तालुक्याच्या वाट्याला सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस येतो. सातारा जिल्ह्यातील खटाव आणि सांगली जिल्ह्यातील खानापूर, कवठेमहांकाळ व जत हे तालुकेही अवर्षणप्रवण आहेत.

हे सर्व तालुके आज दोन जिल्ह्यांत विभागलेले असले, तरी त्यांचा प्रशासकीय इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवण्यात आले. दोन्ही जिल्ह्यांत कृष्णाकाठचा बागायती पश्चिम भाग आणि कोरडवाहू पूर्व भाग असा ठळक फरक आहे.

## दुष्काळांचा इतिहास

### १८७६ ते १९००

१८७६–७८ च्या दुष्काळाचा तडाखा मुंबई व मद्रास इलाख्यांना बसला. त्यात ५५ लाखांहून अधिक लोक मृत्युमुखी पडल्याचा अंदाज आहे. मुंबई इलाख्यातील सातारा हा दुष्काळग्रस्त जिल्ह्यांपैकी एक होता. सरकारने दुष्काळी कामे काढली; म्हसवडजवळील राजेवाडी तलाव हे त्याच काळातील काम होय. मात्र खर्चकपातीसाठी रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीनुसार मजुरांची मजुरी घटविण्यात आली आणि धान्याचा हिशेब प्रौढ पुरुषामागे दिवसाला एक पौंडापर्यंत खाली आणण्यात आला. कष्टाचे काम करणाऱ्या माणसाला हे प्रमाण अपुरे होते. या अनुभवानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाच्या १८८० च्या अहवालातून दुष्काळ संहिता तयार झाल्या. पुढे १८९६–९७ आणि १८९९–१९०० या वर्षांत पुन्हा मोठे दुष्काळ पडले. त्याच सुमारास प्लेगची साथही पसरली होती.

### १९७२ चा दुष्काळ

स्वातंत्र्योत्तर काळात सर्वाधिक स्मरणात राहिलेला दुष्काळ १९७२–७३ चा आहे. १९७० पासून सलग तीन वर्षे पावसाने दगा दिल्यानंतर महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पिके बुडाली. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव व बंडिंग अशा कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात सुमारे ५० लाख मजूर होते. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. परदेशातून आयात केलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी या दोन गोष्टी त्या पिढीच्या आठवणीत कायमच्या कोरल्या गेल्या. १८७६ प्रमाणे उपासमारीने प्रचंड मृत्यू झाले नाहीत, हे या दुष्काळाचे वैशिष्ट्य मानले जाते. तथापि अर्धपोटी राहणे, जनावरे विकणे आणि गाव सोडणे टळले नाही.

रोजगार हमी योजनेचा उगम याच भागाशी जोडलेला आहे. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात केलेल्या प्रयोगातून या योजनेची कल्पना आकाराला आली. १९७२ च्या दुष्काळात तिचा विस्तार झाला आणि १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले. पुढे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याला तिचा आधार मिळाला.

### स्थलांतर

दुष्काळात गाव सोडण्याला या भागात ‘जगायला जाणे’ असा शब्दप्रयोग आहे. मेंढपाळ धनगर कुटुंबे कळप घेऊन दरवर्षी बाहेर पडत आली आहेत. सातारा–सांगलीतील असंख्य तरुण मुंबईच्या कापड गिरण्यांत दाखल झाले. खानापूर व आटपाडी तालुक्यांतील कुटुंबे सोने-चांदी गलाईच्या व्यवसायानिमित्त देशभरातील शहरांत पसरली. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीचा शेवट दुष्काळाने गाव उठून जाण्यात होतो. लेखकाचा जन्म आटपाडी तालुक्यातील माडगूळचा होता. अलीकडे २०१२–१३ आणि २०१८–१९ मध्ये जनावरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या आणि अनेक कुटुंबांनी जनावरांसह छावणीतच मुक्काम केला.

## वारशाचे मार्ग

दुष्काळाचा परिणाम एका पिढीकडून दुसरीकडे जाण्याचे पाच प्रमुख मार्ग सांगितले जातात. ते एकमेकांपासून पूर्णपणे वेगळे करता येत नाहीत आणि प्रत्येकाच्या पुराव्याचे बळही सारखे नाही.

### गर्भावस्था

नोव्हेंबर १९४४ ते मे १९४५ या काळात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये तीव्र अन्नटंचाई झाली. अधिकृत शिधा दिवसाला ४०० ते ८०० कॅलरींपर्यंत घसरला. टंचाई कधी सुरू झाली व कधी संपली याच्या नेमक्या तारखा उपलब्ध असल्यामुळे, त्या काळात गर्भात असलेल्या व्यक्तींचा पुढे अनेक दशके अभ्यास करता आला. त्यांच्यात प्रौढपणी ग्लुकोज पचविण्याची क्षमता कमी असल्याचे दिसले. गर्भावस्थेच्या प्रारंभी उपासमार सोसलेल्यांत स्थूलता, हृदयविकार व स्किझोफ्रेनिया यांचे प्रमाण अधिक आढळले. चीनमधील १९५९–६१ च्या दुष्काळात गर्भात असलेल्यांमध्येही स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले.

ब्रिटिश संशोधक डेव्हिड बार्कर यांनी याचे स्पष्टीकरण मांडले. त्यांच्या मते अपुऱ्या अन्नावर वाढणारा गर्भ काटकसरीला जुळवून घेतो. मेंदूची वाढ राखण्यासाठी स्नायू, स्वादुपिंड व मूत्रपिंड यांच्या वाढीत तडजोड होते. जन्मानंतरही अन्न तुटपुंजेच राहिले, तर ही तडजोड उपयोगी ठरते. मात्र पुढे अन्न मुबलक मिळू लागले, की तेच शरीर मधुमेह व उच्च रक्तदाबाकडे झुकते.

महाराष्ट्रात या विषयावरील महत्त्वाचे काम पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी केले. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम आढळले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे ते सुमारे ३.५ किलोग्रॅम होते. ही बालके बारीक असली, तरी त्यांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. स्नायू व पोटातील अवयव मात्र लहान होते. या स्थितीला ‘कृश-मेदयुक्त बालक’ असे म्हणता येईल. ज्या मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक आढळला. पिढ्यानुपिढ्या अपुरे पोषण मिळालेल्या समाजात कमी वजनाच्या व्यक्तींनाही मधुमेह का होतो, हे समजण्यास या अभ्यासाने मदत केली.

### ताणाची शरीरयंत्रणा

धोक्याची जाणीव होताच मेंदूतील हायपोथॅलॅमस, पिट्यूटरी ग्रंथी आणि मूत्रपिंडावरील ॲड्रिनल ग्रंथी यांची साखळी कार्यान्वित होते आणि कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवते. त्यामुळे साखर रक्तात येते, नाडी जलद होते व शरीर पळण्यास किंवा लढण्यास सज्ज होते. धोका टळल्यावर ही यंत्रणा शांत व्हायला हवी. मात्र पाऊस कधी पडेल, कर्ज कसे फिटेल आणि जनावरे जगतील का, या प्रश्नांना दुष्काळात शेवट नसतो. ताण महिनोन्‌महिने टिकला, तर झोप, पचन, रोगप्रतिकार व रक्तदाब यांवर परिणाम होतो. गर्भवती स्त्रीच्या दीर्घकालीन ताणाचा परिणाम गर्भाच्या ताणयंत्रणेच्या जडणघडणीवरही होऊ शकतो.

### एपिजेनेटिक्स

जनुकांतील मूळ अक्षररचना न बदलता, एखादे जनुक किती प्रमाणात कार्यरत राहील हे ठरविणाऱ्या रासायनिक खुणांच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात. मिथाइल गट जोडला जाणे ही अशी एक खूण होय. नेदरलँड्समधील दुष्काळाच्या वेळी गर्भावस्थेच्या प्रारंभी असलेल्या व्यक्तींमध्ये सहा दशकांनंतरही वाढीशी संबंधित आयजीएफ-२ जनुकावरील मिथाइल खुणा त्यांच्या भावंडांपेक्षा कमी असल्याचे २००८ मध्ये दाखविण्यात आले.

अमेरिकेतील रेचल येहुदा यांनी २०१६ मध्ये छळछावण्यांतून वाचलेल्यांत व त्यांच्या मुलांत ताणाशी संबंधित एफकेबीपी-५ जनुकावरील बदल नोंदविले. हा अभ्यास खूप गाजला. परंतु त्यातील व्यक्तींची संख्या कमी असल्याने त्याचा निष्कर्ष अंतिम मानला जात नाही.

### संगोपन आणि मौन

कॅनडातील मायकेल मीनी व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. पिलांना अधिक चाटणाऱ्या माद्यांची पिले मोठेपणी शांत असतात, तर दुर्लक्ष करणाऱ्या माद्यांची पिले ताणाला लवकर बळी पडतात. दुर्लक्ष करणाऱ्या मादीचे पिलू जन्मतःच प्रेमळ मादीकडे सोपविले, तर ते शांत पिलांसारखे वाढते. संगोपनातून वारसा मिळतो आणि संगोपनातूनच तो बदलतोही, असे या प्रयोगांनी सुचविले.

मानवी कुटुंबांत हा मार्ग रोजच्या वागणुकीतून जातो. खडी केंद्रावर दिवसभर राबणारी किंवा नैराश्याने ग्रासलेली आई तान्ह्या मुलाच्या रडण्याला प्रतिसाद देऊ शकत नाही, तेव्हा त्याला सुरक्षिततेचा अनुभव कमी मिळतो. दुष्काळ पाहिलेल्या वडीलधाऱ्यांच्या काही सवयी घरात शिस्त म्हणून टिकून राहतात. ताटात कण न सोडणे, गरजेपेक्षा अधिक धान्य साठविणे, घरच्या स्त्रीने शेवटी व उरलेले खाणे आणि पाणी मोजून वापरणे या त्यांपैकी काही होत. कारण न सांगता दिलेल्या अशा शिस्तीतून मुलांपर्यंत भीती पोहोचते, पण तिचा इतिहास पोहोचत नाही. याउलट, त्या काळाबद्दल घरात पूर्ण मौन पाळले गेले तरीही मुले ताण ओळखतात व त्याचा दोष स्वतःकडे घेतात.

### परिस्थितीचा वारसा

पुष्कळदा पुढील पिढीला आठवणीपेक्षा प्रत्यक्ष परिस्थितीच वारशाने मिळते. विकलेली जमीन, सावकाराचे कर्ज, अर्धवट शिक्षण, लवकर लावून दिलेले मुलीचे लग्न आणि अल्पवयात आलेले मातृत्व यांमुळे पुढच्या बाळाचे वजनही कमी राहण्याची शक्यता वाढते. वडिलांचे मद्यपान हाही आघात मुलांपर्यंत नेणारा मार्ग आहे. बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांवरील अमेरिकेतील १९९८ च्या मोठ्या अभ्यासात, अशा अनुभवांची संख्या वाढत जाते तसे प्रौढपणी हृदयविकार, नैराश्य व व्यसनाधीनता यांचे प्रमाण वाढते, असे आढळले.

## शरीरावर दिसणारे परिणाम

उपासमारीच्या वारशाशी जोडले गेलेले शारीरिक परिणाम पुढीलप्रमाणे आहेत :

* जन्मतः कमी वजन व पुढे खुंटलेली उंची
* मध्यम वयात किंवा त्यापूर्वी होणारा मधुमेह, उच्च रक्तदाब व हृदयविकार
* झोप न लागणे, सतत सावध राहणे, किरकोळ आवाजाने दचकणे
* तपासणीत कारण न सापडणारी अंगदुखी, डोकेदुखी, छातीतील धडधड व पोटाच्या तक्रारी

भारतीय ग्रामीण समाजात मानसिक त्रास अनेकदा शब्दांऐवजी शारीरिक तक्रारींतून व्यक्त होतो. त्यामुळे असा रुग्ण मनोविकारतज्ज्ञाकडे न जाता वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या घेत राहतो. मात्र वरील प्रत्येक लक्षणाची इतरही अनेक कारणे असू शकतात. एखाद्या व्यक्तीचा मधुमेह आजीच्या उपासमारीमुळेच झाला, असे सांगता येत नाही. अभ्यासांतून दिसते ती लोकसमूहातील वाढलेली शक्यता होय. म्हणून कोणतेही लक्षण वारशाच्या खात्यावर टाकण्यापूर्वी नेहमीची वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.

## लोकसमजुती

घराण्यात पुन्हापुन्हा येणारे दुखणे पितृदोष, शाप किंवा करणी यांमुळे होते, अशी समजूत अनेक ठिकाणी आढळते. पूर्वजांचे दुःख वंशजांना भोगावे लागते, हे त्यातील निरीक्षण आणि पिढीजात आघाताची संकल्पना यांत वरवर साम्य दिसते. मात्र दोहोंत मूलभूत फरक आहे. दोषाच्या कल्पनेत उपाय विधी करणाऱ्याच्या हाती असतो आणि न झालेल्या चुकीचे ओझे कुटुंबावर येते. वैद्यकीय संकल्पनेत कारणे तपासता येतात व परिस्थिती बदलता येते.

साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली. साताऱ्यातील ‘परिवर्तन’ या व्यसनमुक्ती संस्थेशीही ते निगडित होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. रुग्णाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून अघोरी उपाय करणे या कायद्याने गुन्हा ठरते.

## उपचार आणि सावरणे

### आहार

भुकेच्या वारशावर उपाय करण्याचा सर्वांत परिणामकारक काळ गर्भधारणेपूर्वीपासून बाळाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचा मानला जातो. मुंबईतील झोपडपट्ट्यांत झालेल्या ‘सरस’ प्रकल्पात स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध यांपासून बनविलेला खाऊ रोज देण्यात आला. त्यातून गर्भावस्थेतील मधुमेहाचे प्रमाण घटल्याचे आढळले. पुण्याच्या माता-पोषण अभ्यासात जन्मलेली मुले किशोरवयात आल्यावर त्यांना बी-१२ जीवनसत्त्व देऊन, त्यांच्या पुढील पिढीचे आरोग्य सुधारते का, हे पाहणारा प्रयोग २०१२ मध्ये हाती घेण्यात आला. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाडीचा पूरक आहारही याच काळासाठी आहे.

हे बदल एका पिढीत पूर्ण होतीलच असे नाही. ५० पिढ्या अपुऱ्या आहारावर वाढविलेल्या उंदरांना नंतर दोन पिढ्या पुरेसा आहार दिला, तरी त्यांच्यातील मधुमेहाची प्रवृत्ती पूर्णपणे गेली नाही, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. त्यामुळे पोषण योजनांचे फलित एका-दोन वर्षांच्या आकड्यांवरून जोखणे अपुरे ठरते.

### मानसिक आरोग्यसेवा

आघातानंतरच्या ताणविकारासाठी आघातकेंद्री बोधात्मक वर्तनोपचार आणि ईएमडीआर या पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली. ईएमडीआरमध्ये त्रासदायक आठवण मनात आणत असताना डोळ्यांच्या लयबद्ध हालचाली करवून घेतल्या जातात. कथनोपचारात व्यक्ती आपल्या आयुष्याची कहाणी क्रमाने सांगते, त्यामुळे विखुरलेल्या आठवणींना काळ व स्थळ मिळते. श्वसन, योगासने व नियमित व्यायाम यांचा उपयोग पूरक उपाय म्हणून होतो.

तज्ज्ञांची संख्या अपुरी असलेल्या ग्रामीण भागात प्रशिक्षित कार्यकर्त्यांमार्फत दिलेले समुपदेशनही उपयुक्त ठरते. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने केलेल्या चाचण्यांत, अल्पकालीन प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य समुपदेशकांच्या मदतीने नैराश्याच्या रुग्णांत सुधारणा दिसली. पाकिस्तानातील ग्रामीण भागात महिला आरोग्य सेविकांनी घरोघरी जाऊन केलेल्या समुपदेशनाने बाळंतपणाच्या आगेमागे येणारे नैराश्य लक्षणीयरीत्या घटल्याचे २००८ मध्ये दिसून आले. मातेच्या नैराश्यावरील उपचार हा पुढील पिढीवरील प्रतिबंधक उपायही ठरतो. भारत सरकारची ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध असून तिच्यावर मराठीतही बोलता येते.

कुटुंबाच्या पातळीवर, आजी-आजोबांचा अनुभव मुलांच्या वयाला झेपेल अशा भाषेत सांगणे उपयुक्त मानले जाते. सोसलेल्या हालांबरोबर त्यातून वाट कशी काढली हेही सांगितले गेले, तर घरातील सवयींचा अर्थ मुलांना कळतो. बोलण्याची सक्ती मात्र अपायकारक ठरू शकते.

### पाणी आणि सामूहिक कृती

दुष्काळाचा धोका कायम असताना केवळ समुपदेशनाने भीती जात नाही, कारण ती भीती निराधार नसते. या दृष्टीने माणदेश व परिसरातील पाण्याच्या चळवळींना आरोग्याच्या अंगानेही महत्त्व आहे. १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपानंतर खानापूर तालुक्यात परतलेल्या कामगारांच्या पुढाकाराने ‘मुक्ती संघर्ष’ चळवळ उभी राहिली. तिच्यातून १९८० च्या दशकात येरळा नदीवर तांदुळवाडी व बलवडी या गावांच्या शेतकऱ्यांनी बळीराजा स्मृती धरण उभारले. भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा समान वाटा, हे तिचे तत्त्व होते. १९९३ पासून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख व डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली कृष्णा खोऱ्यातील १३ दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद आटपाडी येथे भरू लागली. कराडजवळील टेंभू येथून कृष्णेचे पाणी उचलून खानापूर, आटपाडी व सांगोल्यापर्यंत नेणारी टेंभू योजना आणि जत–कवठेमहांकाळकडे पाणी नेणारी म्हैसाळ योजना यांनी परिस्थितीत बदल घडविला.

सातारा जिल्ह्यातील वेळू (कोरेगाव तालुका) या गावाने २०१६ मध्ये, तर टाकेवाडी (माण तालुका) या गावाने २०१८ मध्ये श्रमदानातून केलेल्या जलसंधारणासाठी ‘वॉटर कप’ स्पर्धेत प्रथम क्रमांक मिळविला. म्हसवड येथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये सुरू झालेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेमुळे ग्रामीण स्त्रियांना स्वतःच्या नावावर बचत व कर्ज उपलब्ध झाले. कुटुंबातील स्त्रीच्या हाती पैसा व निर्णय असणे, हे पुढील पिढीच्या पोषणाशी थेट जोडलेले आहे.

## मर्यादा आणि टीका

दुष्काळग्रस्त लोकसमूहांच्या अभ्यासात अनेक अडचणी असतात. दुष्काळातून वाचलेले लोक मुळातच अधिक काटक असू शकतात. गरिबी, प्रदूषण व आहारातील बदल यांचे परिणाम वारशापासून वेगळे काढणे अवघड असते. प्राण्यांवरील निष्कर्ष माणसाला, तसेच नेदरलँड्समधील काही महिन्यांच्या उपासमारीचे निष्कर्ष माणदेशातील दीर्घकालीन अर्धपोटी जगण्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या मुलांवरील अनेक अभ्यासांचे २००३ मध्ये एकत्रित विश्लेषण करण्यात आले. उपचारासाठी न आलेल्या, सर्वसाधारण लोकसंख्येतून निवडलेल्या मुलांमध्ये आघाताचा ठळक वारसा त्यात आढळला नाही. म्हणजे बहुसंख्य वंशज निरोगी आयुष्य जगतात आणि सावरण्याची क्षमताही कुटुंबात पुढे जाते.

दुसरी टीका सामाजिक आहे. विज्ञान इतिहासकार सारा रिचर्डसन व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये असा इशारा दिला, की गर्भावस्थेवरील संशोधनाचा अर्थ माता दोषी असा लावला जाऊ नये. १९७३ मध्ये खडी केंद्रावर राबणाऱ्या गर्भवती स्त्रीने भूक निवडली नव्हती. तिच्या मुलीचे वजन कमी भरले, ते त्या काळच्या पावसामुळे, मजुरीमुळे आणि घरातील वाटपामुळे. त्यामुळे वारसा थांबविण्याची जबाबदारी एकट्या आईवर न टाकता कुटुंब, ग्रामव्यवस्था व शासन या सर्वांवर येते. आघात पिढीजात असला, तरी तो ज्या कारणांनी चालू राहतो ती वर्तमानातील असतात आणि म्हणूनच ती बदलता येतात.